माझ्या वाट्याचं मांस

४ मार्च
संपलं! आज शेवटचं अंडं खाल्लं. उद्यापासून मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, दूधसुद्धा नाही.

डॉक्टर एवढंच म्हणाले होते की कोलेस्टेरॉल वाढलंय, मांस जरा कमी करा. मग विचारलं, "वडील कशाने गेले?" हृदयाने. जेवता जेवता. माझ्याहून चारच वर्षांनी मोठे होते तेव्हा. घरी येईपर्यंत डोक्यात किडा वळवळायला लागला — कमी कशाला, बंदच करून बघू की! एकशे चौदा किलोचा माणूस, पोटासाठी रग्बी खेळणारा, नुसत्या झाडपाल्यावर टिकतो का?

५ मार्च
क्लबच्या स्वयंपाकघरात ताई आहे म्हणून निभेल. सख्खी मोठी बहीण, पण मला कधी एक तुकडा जास्त वाढला असेल तर शपथ. ऐकून कपाळाला हात लावला. "आणि तुझ्या वाट्याचं मांस? ते रोज येणारच!"

म्हटलं, तूच खा.

"खाईन की. वाया घालवू होय?"

९ मार्च
नाव पडलं — शेळोबा. मैदानात उतरलो की चहूबाजूंनी "बें!" हसू देत. पोट टम्म असतं, झोप छान लागते. गंमत आहे!

१७ मार्च
काटा एकशे दहा. कोचनी चष्मा कपाळावर नेला. "स्क्रममध्ये आठ जण आठ जणांना रेटतात. तू सगळ्यात पुढे. तिथे वजन लागतं, तत्त्वं नाही. सत्तावीसच्या सामन्याआधी एकशे बारा कर, नाहीतर जाड्या खेळेल."

जाड्या माझ्या जागेवरचा राखीव खेळाडू. गुणी आहे, हेच दुःख! माझा करार याच हंगामात संपतोय. जागा एकदा गेली की गेलीच. झोप उडाली.

१८ मार्च
क्लबच्या आहारतज्ज्ञ बाई चक्रावल्यात. "हिशेबाने तुझं वजन वाढायला हवं." मग घटतंय कसं? सरावाच्या शेवटी पायांत गोळे येतात. ताटातलं सगळं खातो, काही टाकत नाही. काहीतरी चुकतंय, पण काय?

२० मार्च
सापडलं!!

आज ताईच्या मागे जाऊन उभाच राहिलो. तिने ताट काट्यावर ठेवलं आणि शिजवलेला राजमा वाढत गेली. थांबली. "अडीचशे ग्रॅम. बाईंनी सांगितलं तेवढंच."

अगं पण बाईंनी सांगितलं ते कोरड्याचं वजन! इथे मात्र सगळं शिजल्यावर ताटातच मोजतात — फार पूर्वी मांसाच्या तुकड्यांवरून दोघांची मारामारी झाली, तेव्हापासूनचा नियम. मांस शिजून आटतं. राजमा पाणी पिऊन फुगतो. म्हणजे इतके दिवस मी निम्म्याहून कमी खात होतो आणि वर पोट टम्म म्हणून खूश!

ताई भडकली. "मेल्या, उपाशी होतास तर बोलायचं नाही?"

"मला तरी कुठे माहीत होतं!"

दोघंही हसत सुटलो.

२२ मार्च
कालपासून पूर्ण माप. परिणाम काय सांगू! स्क्रममध्ये माझ्या मागचा गडी नाक धरून बाहेर पळाला. कोच शिट्टी वाजवायची विसरले. बाईंनी तोड काढली — राजमा कमी, टोफू जास्त, शेंगदाण्याचं लोणी, वर तेल. सॅलड बंद. बी-ट्वेल्व्हची गोळी आहेच.

ताई माझ्यासाठी शेंगदाणे वाटत बसली होती. मध्येच उठून कढईपाशी उभ्या उभ्या चार घास खाल्ले. "तुझ्या वाट्याचं संपवते." दमलेली दिसली. म्हणाली खांदा भरून आलाय, पातेली उचलून. म्हटलं, पोरांना सांग उचलायला.

२६ मार्च
एकशे बारा! कोचनी दोनदा काट्यावर चढवलं, खिसे तपासले. "पाणी ढोसून आलास का?" उद्या मीच खेळतोय!

२७ मार्च
तीन गुणांनी हरलो. पण स्क्रममध्ये मी एक पाऊल मागे गेलो नाही. कोचनी पाठीत धपाटा घातला — म्हणजे जागा राहिली. जाड्या हळूच विचारतो, "ते शेंगदाण्याचं ताई काय करते रे?"

मग ठरलं का, झाडपाल्यावर चालतं? खरं सांगायचं तर नाही ठरलं. एकटा मी, त्यात अर्धे दिवस उपाशी. उलट उत्सुकता वाढलीच आहे. हंगामभर नीट मापाने खाऊन बघायचंय. पुढच्या महिन्यात रक्त तपासायचंय. बघू!

२९ मार्च
ताई दवाखान्यात. सकाळी स्वयंपाकघरात छाती धरून खाली बसली. धोका टळलाय.

माझेच डॉक्टर. तिला विचारत होते, "वडील कशाने गेले?"

मी दारातच थिजलो. बाबा तिचेही होते. मी स्वतःचं सगळं मोजलं आणि हे एकदाही मनात आलं नाही.

मला बघून ती हसली. "रडतोस काय वेड्यासारखा? तुझ्या वाट्याचं मीच खात होते ना."