समुद्राने घेतलेली माघार

१४ ऑक्टोबर, सकाळी ८
रेडिओवर चक्रीवादळाची बातमी. तीन दिवसांत किनाऱ्यावर. बायको लगेच बॅगा काढायला लागली. थांबवलं. तीस वर्षं गोदाम सांभाळलेला माणूस घरात असताना पळायचं कशाला? संकल्प : घर स्वतः सज्ज करणार. यादी केली, एकवीस कामं. यादी सुबक झाली आहे.

१५ ऑक्टोबर
मेहुण्याचा फोन. फायर ब्रिगेडमध्ये आहे म्हणून स्वतःला फार समजतो. म्हणाला, भावोजी, ताईला घेऊन आजच निघा, तुमचं घर सखल भागात आहे. मी म्हटलं, सखल नाही, समुद्राजवळ आहे. त्याला फरक कळला नाही.
खिडक्यांना फळ्या ठोकायला सुतार बोलावला. तो फळ्या टाकून म्हणाला, काका, मीच बायकापोरांना घेऊन चाललोय. भित्रा माणूस. उद्या मीच ठोकणार. आज यादी फेअर केली.

१६ ऑक्टोबर
एक खिडकी पूर्ण. दुसरीच्या वेळी हातोडी अंगठ्यावर. हल्ली हातोड्या नीट बनवत नाहीत. उरलेल्या पाच खिडक्यांना चिकटपट्टी लावली. तीही पुरते.
दुपारी गल्लीतली शेवटची गाडी गेली. जाताना शेजारीण बायकोच्या गळ्यात पडून रडली. हळवी बाई. आता गल्ली छान शांत. कुत्रीसुद्धा नाहीत.

१७ ऑक्टोबर, सकाळी १०
प्लॅन बी : पाणी आलंच तर माळ्यावर. बायकोकडून शिडीचा सराव करून घेतला. तिसऱ्या पायरीवर तिला चक्कर आली. म्हणाली, अहो, मला नाही जमायचं. मी म्हटलं, सवयीनं जमेल. ती आत जाऊन भावाला फोन लावत बसली. रेंज नव्हती.

दुपारी २
वारा पूर्ण पडलाय. आभाळ पिवळट. समुद्र पार आत गेलाय, कधी न दिसलेले खडक उघडे पडलेत. बायकोला बोलावून दाखवलं. म्हटलं, बघ, घेतली माघार. तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता. संकल्प : संध्याकाळी फिरायला जाणे.

५.१०
फिरणं तहकूब. वारा. दोन खिडक्या गेल्या. चिकटपट्टी निकृष्ट. दाराखालून पाणी येतंय, फडकी लावली. किरकोळ आहे.

५.४०
पाणी गुडघ्यापर्यंत. बायकोला शिडीवर चढवायला गेलो, दोघंही पडलो. ती मनगट धरून टेबलावर बसली आहे. म्हणाली, तुम्ही तरी वर जा. मी गेलो नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालतोय.

१८ ऑक्टोबर, शाळेतलं निवारा केंद्र
पाणी छातीशी आलं तेव्हा मेहुणा होडी घेऊन आला. आधी ताईला घेतलं, मग मला. मला पोहता येत नाही हे त्याला कालच कळलं. 
बायकोचं मनगट मोडलंय. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, पाय घसरला. माझ्याकडे बघितलं नाही.
तिच्यासाठी पाणी आणायला उठलो. रांगेत तासभर गेला. वहीत नोंद करणाऱ्या मुलीनं विचारलं, घरात माणसं किती?
मी वळून बायको बसली होती तिकडे बघितलं. तिनं पुन्हा विचारलं.
दोन, म्हटलं. दोघंही आहेत.