शेजारच्या सीटवरून

प्रिय मेहुणे, म्हणजेच आमचे वकीलसाहेब,

तुम्हाला आणि वहिनींना मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? आम्ही दोघं तब्येतीने ठणठणीत, बाकी सगळ्याचे बारा वाजले आहेत.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या गाडीचा कोपऱ्यावरच्या घड्याळजींच्या सायकलला धक्का लागला. सायकल वाचली, त्यांचं उजवं मनगट मोडलं. दुकान तेव्हापासून बंद. (माझं घड्याळही आतच आहे, पण ते मागायला तोंड नाही.) गाडी तुमची ताई चालवत होती. हवालदार आले तेव्हा मात्र मी छाती पुढे काढून सांगून टाकलं, मी चालवत होतो! बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतोय, शिकाऊ माणसाने काहीही ठोकलं तरी निस्तरायचं मास्तरांनी, ही अंगवळणी पडलेली सवय. (ताईला लायसन्स मिळून अकरा वर्षं झाली, हे त्या क्षणी आठवलंच नाही.)

आता सोमवारी जबाबाला बोलावलंय. वकील न्यावा की नाही, यावर स्कूलमध्ये दोन तट पडलेत. मालक म्हणतात, वकील दिसला की पोलिसांना वाटणार, काहीतरी काळंबेरं आहे. ऑफिसातल्या बाई म्हणतात, मास्तर, एकटे गेलात तर बोलत सुटाल. दोघंही मला नीट ओळखतात, हीच पंचाईत आहे.

ताई माझ्या थोरपणावर इतकी खूश आहे, की रोज सकाळी चहा हातात आणून देते. (लग्नानंतर प्रथमच.) गाडीची किल्ली मात्र तिने कपाटात टाकली आहे. माझ्या हातून माणूस जखमी झाला, आता पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही, म्हणते. ते ऐकलं की चहा कपातच निवतो.

तुमचे,
मास्तर

ता. क. एक लिहायचं राहिलं. ताई व्यवस्थित चालवत होती. सायकल तिने पाहिली होती, वेगही कमी केला होता. मीच शेजारी बसून, स्कूलच्या गाडीत असतो तो माझ्या बाजूचा ब्रेक दाबायला गेलो. आपल्या गाडीत तो नाही, म्हणून लागेना, म्हणून स्टिअरिंग ओढलं. अकरा वर्षं माझा हात तिथे लुडबुडतोय, त्यामुळे त्या गडबडीत तो तिच्या लक्षातही आला नाही. मला फार लाज वाटते.

आणखी एक. सोमवारी पोलिसांना खरं सांगायला मी एकटा जाईन, तिथे वकील नको. पण त्याआधी रविवारी ताईला सांगायचंय. तेव्हा याल का?