चार नंबरच्या टेबलावरचं दहा

३ जुलै

झालं एकदाचं! प्रयोगशाळेत एआय आलं. आठ टेबलं, आठ टॅबलेट. धाकटीने त्यात तिचा अख्खा रविवार घातला. "ताई, हे उत्तर कुणालाच सांगणार नाही. उलट प्रश्न विचारेल. अगदी तुझ्यासारखं!" — टोमणा कळला.

विभागप्रमुख सर दारातूनच म्हणाले, "आधीच वह्या मागील पानावरून पुढे चालू. आता नकलेला यंत्र!" महिनाभर बघणार, मग ठेवायचं की काढायचं ते ठरवणार. ठरवू देत. मी हटणार नाही.

८ जुलै

पोरं पक्की आहेत! एकाने सरळ लिहिलं — "निरीक्षणं भरून दे." यंत्राने विचारलं, "लोलक किती वेळा हलला? मोजलंस?" आला तणतणत. "मॅडम, हे काही कामाचं नाही." म्हटलं, काम तुझं आहे बाबा!

१५ जुलै

एका मुलीला सगळे मुंगी म्हणतात — आवाजच नाही. माझ्याशी चकार शब्द नाही, टॅबलेटला मात्र एकोणीस प्रश्न! तास संपल्यावर वाचले. त्यातला एक — "हे मॅडमना विचारलं तर रागावतील का?"

रागावते मी. माहीत आहे मला.

१६ जुलै

लोलकावरून गुरुत्वीय त्वरण काढायचा प्रयोग. चार नंबरच्या टेबलावर मुंगीचं उत्तर आलं दहा. यायला हवं ९.८. शेजारीण म्हणाली, "खोड आणि लिही ना!" हिने नाही खोडलं. यंत्राने एकेक तपासायला लावलं — दोरा, घड्याळ, मग, "पट्टी शून्यापासूनच सुरू होते का? बघून सांग."

नाही होत! लाकडी पट्टीचं टोक तुटलेलं. पहिला सेंटिमीटरच गायब. पन्नासचा दोरा एक्कावन्न भरत होता.

पट्टी कधीपासून अशी? प्रयोगशाळेतले दादा म्हणाले, "सहा वर्षं तरी झाली की."

१७ जुलै

कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. चार नंबरचं टेबल, सहा वर्षं — सगळ्यांचं ९.८! त्या पट्टीवर ते येणारच कसं? आणि प्रत्येक पानावर लाल शाईत "बरोबर". खाली माझी सही.

मान खाली गेली. तशीच वह्या घेऊन सरांकडे गेले. "कशाला हात दाखवून अवलक्षण?" म्हणाले. म्हटलं, "सर, अवलक्षण होऊन गेलंय. कपाटभर आहे."

यापुढे गुण उत्तराला नाहीत, मोजण्याला. मुंगीचं दहा तसंच ठेवलं, शेजारी कारण लिहून. दहापैकी दहा!

३१ जुलै

उद्या सर तास बघायला येणार. येऊ देत.

१ ऑगस्ट

मुंगीने लोलकाच्या गोळीचा व्यास मोजला, व्हर्निअर मापकाचा फोटो टॅबलेटला दाखवला. यंत्राने वाचलं — २.३४. ती उठली. सरांदेखत, खणखणीत — "मॅडम, हे चुकतंय. २.३७ आहे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नीट बघ गं, ते कसं चुकेल?"

"मी तीनदा मोजलंय."

सरांनी भिंग घेतलं, वाकले. बराच वेळ बघितलं. "हिचं बरोबर आहे," म्हणाले. "नक्कल करायची असती तर २.३४ उतरवून मोकळी झाली असती. राहू दे हे यंत्र."

यंत्र राहिलं. पण चुकलो दोघंही — यंत्र आणि मी.