आत्या आल्यापासून तीन पंतप्रधान

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण सोफे हलवून हलवून कंबर धरली आहे, तेव्हा हा उभ्यानंच केलेला स्वीकार. तुझी शुगर, वहिनींचे गुडघे आणि तुमच्या घरातलं फरशीचं काम, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. (फरशीचं मुद्दाम विचारतो. आत्याला माझ्याकडे पाठवताना तू "फरशी बसेपर्यंत, फार तर दोन आठवडे" म्हणाला होतास. त्यानंतर तीन पंतप्रधान होऊन गेले आणि चौथ्या बाई आल्या. फरशी अजून बसायचीच असेल.) तक्रार म्हणून लिहीत नाही, सहज खुशाली कळवतो.

पंतप्रधान निवासातल्या गाद्या, पडदे आणि किल्ल्या माझ्या ताब्यात असतात, हे तू चारचौघांत मोठ्या अभिमानानं सांगतोस. पूर्वी पडद्यांचा रंग विटेपर्यंत माणूस टिकायचा. आता शिंपी पडदे शिवून आणतो तोवर पसंत करणारा गेलेला असतो. पहिले गृहस्थ अविश्वास ठरावात पडले. दुसऱ्यांना ते जेवायला बसलेले असताना त्यांच्याच पक्षानं काढलं (बातमी टीव्हीवर कळली, तरी त्यांनी ताट टाकलं नाही, याचं मला कौतुक वाटलं). तिसरे पलंग कोणत्या भिंतीला लावावा या विचारात होते, तेवढ्यात मित्रपक्षानं पाठिंबा काढला. म्हणायला नव्याचे नऊ दिवस, पण दाराची पाटी आम्ही हल्ली स्क्रूनं बसवत नाही, हुकाला अडकवतो. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात ना, इथले वासे आता फिरून फिरून दमले आहेत, आणि मीही.

आता आत्याचं. नोकरांनी नातेवाईक ठेवायचे नाहीत असा इथला नियम आहे, म्हणून तिला इस्त्रीच्या खोलीमागच्या खोलीत ठेवली. लगेच पकडलो जाणार असं वाटलं होतं. पण इथे एक जुना शिष्टाचार आहे: गेलेल्याचं कोणी माणूस मागे राहिलं, तर नव्यानं "कोण, कधी जाणार" असं विचारायचं नाही. दुसऱ्यांना वाटलं ही पहिल्यांची आई. मनाचा मोठेपणा दाखवायला त्यांनी तिला खिडकीजवळची खुर्ची दिली. तिसऱ्यांना वाटलं ही दुसऱ्यांची सासू. त्यांनी हीटर दिला. (एवढं काही मला पंचवीस वर्षांच्या नोकरीत मिळालेलं नाही.) आत्याला हल्ली नीट दिसत नाही. तिच्या मते पंतप्रधान एकच आहे, तो अधूनमधून बारीक होतो आणि त्याचा आवाज बसतो. तिसऱ्यांना म्हणाली, "झोपत जा रे वेळेवर. मागच्या वेळी उंच होतास." बिचारे बराच वेळ तिच्यापाशी बसून राहिले. त्या दिवशी त्यांच्याशी नीट बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

चौथ्या बाई मात्र शिष्टाचार मानत नाहीत. त्यांनी तिन्ही माजींना फोन लावले. तिघांनीही "आमच्या नाहीत, पण असू द्या" असं कळवलं. मग बाईंनी थेट आत्यालाच विचारलं, "आजी, तुम्ही कोणाच्या?" आत्या म्हणाली, "मी माझ्या भाच्यांची. एक इथेच असतो, दुसरा न्यायला येतोय." मी मागे उशा घेऊन उभा होतो. कोणता भाचा इथे असतो ते बाईंना कळायला वेळ लागला नाही. आत्यानं या रविवारपर्यंत खोली सोडायची आहे, नाहीतर आम्ही दोघांनीही. बाकी सर्व क्षेम.

तुझा धाकटा

ता. क. – आई गेल्यावर आपल्याला आत्यानं वाढवलं. तिनं आपल्याला दोन आठवड्यांसाठी ठेवून घेतलं नव्हतं. मला वाईट वाटतं दादा, आणि रागही येतो. रविवारच्या आत ये आणि तिला घेऊन जा. फरशी नसली तरी चालेल, ती चप्पल घालून वावरेल.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवत होतो तोच चौथ्या बाईंचं सरकार पडलं. पाचव्यांना काही माहीत नाही आणि ते शिष्टाचाराचे मोठे भोक्ते आहेत म्हणे. म्हणजे खोली वाचली, नोकरीही वाचली. तेव्हा घाई नाही. आला नाहीस तरी चालेल.

ता. क. तिसरा – चालणार नाही. तुला पत्र लिहितोय एवढं तिला सांगून बसलो होतो. तेव्हापासून ती कपडे पिशवीत भरून, स्वेटर घालून दाराशी बसली आहे. पाचवे आज घर पाहायला आले, तर "आलास?" म्हणून तिनं पिशवी त्यांच्या हातात दिली. देशाचा होऊ घातलेला पंतप्रधान ती पिशवी धरून तसाच उभा राहिला. शेवटी मी ती परत घेतली. ती म्हणाली, "अरे, त्याला दे ना. दादा आहे तो."