डिंकगोळा आणि कडेच्या काचा

१ सप्टेंबर १९९२

माझ्या हातचं: शिसेकाचेचे सातशे ठोकळे, घासून आरसा केलेले. त्यांच्या पाठीवरच्या, प्रकाश मोजणाऱ्या नळ्यांची तांब्याची कवचं. या ठोकळ्यांची, प्रकाशकण टिपणारी सगळी भिंत ज्यावर सरकते तो गाडा. किरणांनी पिवळी पडलेली काच पुन्हा पांढरी करणारी दिव्यांची पेटी — तीही! कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही.

३ सप्टेंबर

आलेखातला उंचवटा पक्का. नवा कण जन्मतो, तत्क्षणी मोडतो, शेवटी चार प्रकाशकण माझ्या भिंतीत येऊन विझतात. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख वालेरियान ओसिपोविच म्हणतात, हाच डिंकगोळा! क्वार्कांना धरून ठेवणारा जो डिंक, नुसत्या त्याचाच झालेला कण.

घरी बायकोला सांगितलं. कापितोलिना म्हणाली, "खाता येतो का?"

"नाही."

"मग बटाटे काढायला चल."

९ सप्टेंबर

डिंकगोळा शुद्ध आहे का, याची परीक्षा सोपी आहे. डिंकाला विद्युतभार नाही, त्यामुळे शुद्ध डिंकगोळा मोडून थेट दोनच प्रकाशकण सहसा निघत नाहीत. निघाले, तर आत क्वार्क मिसळलेत. म्हणजे दोन प्रकाशकणांचा आलेख त्या जागी सपाट हवा.

भिंतीच्या कडेच्या दोन ओळी पिवळ्या म्हणून बाद होत्या. उन्हाळ्यात मी त्या दिव्याखाली स्वच्छ केल्या. या खेपेला त्याही धरल्या.

१४ सप्टेंबर

सपाट नाही. लहानसा उंचवटा — नेमका त्याच जागी!

"कडेच्या ओळी सोडून आलेख काढा," वालेरियान ओसिपोविच म्हणाले. काढला. उंचवटा गेला. जाणारच; त्या ओळींशिवाय प्रकाशकणांच्या निम्म्या जोड्या निसटतात. हे त्यांनाही कळतं.

१५ सप्टेंबर

आमच्याकडची रीत: ठोकळा बाद करायचा तर ज्यानं तो बसवला त्यानंच खडूची फुली मारायची. प्रमुखानंसुद्धा नाही. आज ते खडू घेऊन भिंतीपाशी आले. एकदम अरे-तुरेवर.

"येलिझार, बाबा, परवापर्यंत पिवळ्याच होत्या ना? कोण विचारणार?"

"मी. आता स्वच्छ आहेत."

"केवढा रे तुझा ताठा! शुद्ध डिंकगोळा दाखवला तरच जिनिव्हाची प्रयोगशाळा ही भिंत घेईल. नाहीतर मार्चमध्ये पैसे संपून इथला किरणझोत बंद, आणि तुझी काच शिशाच्या भावानं भंगारात!"

खरं आहे. मी खडू घेतला नाही. गाड्यावर ठेवून ते गेले.

१६ सप्टेंबर

दोन्ही ओळींचा एकेक ठोकळा पुन्हा तपासला. आपलंच चुकलेलं निघू दे, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. एकही चुकीचा नाही.

१८ सप्टेंबर

फुली मारली नाही. बैठकीत वालेरियान ओसिपोविचनी स्वतः दोन्ही आलेख लावले. "भेसळ आहे," एवढंच म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही.

२० सप्टेंबर

आज त्यांच्या बायकोकडून कळलं. भिंतीबरोबर एकाच माणसाला जिनिव्हात जागा होती, आणि त्यांनी ती स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी मागितली होती. तीन वर्षं, सहकुटुंब, महिना चार हजार आठशे फ्रँक.