सूतभर उंच

२७ ऑक्टोबर, सोमवार

जाकीर आला होता. चादरीत गुंडाळलेलं जहाज आणि पिशवीभर सीताफळं घेऊन. जहाज शिडाचं, दोन फूट लांब. लोणारात! इथं खारं पाणी म्हणजे विवरातलं तळं, आणि आला जहाज घेऊन.

निन्याण्णवच्या बॅचचा जाकीर. मीच नापास केलेला. परत परीक्षेला बसलाच नाही, कोकणात निघून गेला आणि होड्या बांधायच्या कामाला लागला. पंचवीस वर्षं तेच केलं. मागच्या वर्षी रंधा मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली. "माह्या हातानं आता बारीक काम होत नाही सर. सांगाडा आधीच करून ठेवला होता. डेक तुम्ही करा. तुमच्यासारखा हात इकडं कोणाचाच नाही." एवढं मात्र खरं बोलला.

कोकणात कुणाचा तरी कारखाना आहे, संग्रहालयांसाठी जहाजांची मॉडेलं करतो. तिथं फोरमन पाहिजे. पंचवीस नोव्हेंबरला हे जहाज दाखवायचं, पसंत पडलं तर जागा याची. आणि नाही पडलं तर, मी विचारलं. "तर मंग बसस्टँडवर फळाची गाडी." दोन पोरी शिकताहेत त्याच्या.

जाताना म्हणतो कसा — "आडव्या पट्ट्या मी बसवल्या हायेत सर, त्या तशाच राहू द्या. फक्त वरून फळ्या." मला सांगतो! चौतीस वर्षं सुतारकाम शिकवलं मी. सुतारकामाच्या वर्गात माझ्या पाणसळीची लोक शपथ घ्यायचे.

२८ ऑक्टोबर

वाटलंच होतं. डेकखालच्या नऊ आडव्या पट्ट्या — एक सरळ असेल तर शपथ! सगळ्यांची पाठ वर आलेली. पंचवीस वर्षांत माणूस सुधारत नाही ते असं.

तोंडावर मारायला चुका मोजून ठेवतो. मधोमध किती उंच, पुढच्या टोकापासून: पहिली पाव सूत. दुसरी अर्धा. तिसरी पाऊण. चौथी, पाचवी, सहावी — पूर्ण सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग. सातवी पाऊण, आठवी पाऊण, नववी अर्धा. चुकायचं तरी किती नेमानं!

परीक्षेतही हेच. चौरंग करायला दिला होता. सगळ्यांचे आरशासारखे सपाट, याचा मधे फुगलेला. पाणसळ ठेवली तर बुडबुडा पळत सुटला. काहीतरी पुटपुटत होता तेव्हा. नापास होणाऱ्याला नेहमीच काहीतरी सांगायचं असतं. मी लाल ऑइलपेंटनं चौरंगाच्या पोटावर 'नापास' लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. तो चौरंग भंगारात जायचा, तर अन्नपूर्णेनं उचलून घरी आणला. अजून न्हाणीत आहे. रोज त्याच्यावर बसून अंघोळ करावी लागते. बायकोपुढं कुणाची पाणसळ चालली आहे!

दुपारी छोटा रंधा काढला. नऊच्या नऊ पट्ट्या सपाट केल्या. बुडबुडा मधोमध, जागचा हलत नाही. जेवण गोड लागलं.

१ नोव्हेंबर

हळदूच्या जुन्या फळीतून पट्ट्या चिरतोय. दीड सूत रुंद, पाव सूत जाड. खऱ्या जहाजात फळ्यांच्या फटीत दोर ठोकून वर डांबर ओततात, म्हणून डेकवर काळ्या रेघा दिसतात. त्यासाठी मी काळा पतंगाचा कागद आणला. प्रत्येक फळीच्या काठाला चिकटवायचा, जास्तीचा कापायचा. खिळे म्हणून अगरबत्तीच्या काड्या तासून. अन्नपूर्णा म्हणाली, "देवापुढं काय लावू, खिळे?" पुडा नवीन आणून दिला.

४ नोव्हेंबर

गजेंद्र टपकला. हाही माझाच विद्यार्थी, पहिल्या नंबरानं पास. आज त्याचं फर्निचरचं शोरूम आहे आणि त्यात लाकूड सोडून सगळं आहे. भुसा दाबून केलेली कपाटं विकतो. पावसाळा लागला की कपाटं पुरीसारखी फुगतात.

जहाजाकडं बघून म्हणतो, "पंजाबराव सर, याच्यात लायटिंग टाका. शोकेसमध्ये लय भारी दिसन." मी म्हटलं, तुझ्या डोक्यात टाक आधी. हसला. अपमान कळायलाही अक्कल लागते.

५ नोव्हेंबर

अकरा ओळी झाल्या. मान दुखते.

८ नोव्हेंबर, शनिवार

अर्ध्याच्या वर डेक झाला. सांधे विटांच्या भिंतीसारखे, चार ओळी सोडून पाचवीत एका रेषेत. हे असं काम या तालुक्यात कुणी बघितलं नसेल. बघूनही कळलं नसतं.

जाकीर आला. मी मुद्दाम पाणसळ डेकवरच ठेवली होती. त्यानं जहाज डोळ्यांच्या उंचीला उचललं, एक डोळा मिटून मागच्या टोकाकडून बघितलं. बराच वेळ. उरलेल्या बोटांनी फळ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "एकदम लेव्हल हाये, सर."

कबूल करावं लागलं ना! चुकांची यादी काढणार होतो, पण राहू दिलं. पडलेल्याला काय मारायचं. चहा अर्धाच पिऊन गेला. त्याची म्हातारी आई आजारी असेल घरी.

१० नोव्हेंबर

अन्नपूर्णा आज पहिल्यांदा जहाजाजवळ आली. हात मागं बांधून दोन फेऱ्या मारल्या, जशी काही परीक्षकच! मग म्हणते, "याच्यावरचं पाणी कुठून जाईन?"

मी म्हटलं, हे काचेच्या पेटीत राहणार आहे, पाणी कुठलं?

"खऱ्या जहाजावर तर येतच असन ना? आमच्या वरवट बकालच्या धाब्याले बी बाबा मधी पाठ ठेवत. मातीचं छप्पर होतं, तरी कधी गळलं नाही."

मातीचं धाबं आणि शिडाचं जहाज! उद्या गोठ्यावरून विमान शिकवेल. पालथ्या घड्यावर पाणी. समुद्र बघितलाय का कधी? तिनं नाही. मीही नाही म्हणा, पण मी वाचलंय.

१२ नोव्हेंबर

शेवटची फळी बसली. एकूण एकशे चौसष्ट. काचेच्या तुकड्यानं अख्खा डेक खरवडला. पॉलिशपेपर लावणारे लावोत, त्यानं काळ्या रेघांची पूड हळदूत भरते आणि डेक मळका होतो. वरून जवसाचं तेल, चिंधीनं, दोन हात. चकाकी नको. चकाकी गजेंद्रच्या गिऱ्हाइकांना.

रंग असा आला की मी स्वतःच पाच मिनिटं उभा होतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळपासून अवकाळी. तासभर झोडपलं. थांबल्यावर अन्नपूर्णा खराटा घेऊन गच्चीवर गेली, नेहमीसारखी. दर पावसाला जाते. गच्चीवर पाणी साचतं, ते लोटून काढावं लागतं, नाही तर स्वयंपाकघरात गळतं. एकोणीस वर्षं चाललंय. मला त्याचा आवाज येतो, खर्र खर्र, आणि मी पेपर वाचतो.

आज वरून ओरडली, "तुमच्या जहाजावर बी एक बाई ठेवा, खराटा घेऊन!"

पेपर खाली ठेवला. वर गेलो.

स्लॅब मी स्वतः उभं राहून टाकून घेतला होता. मिस्त्री तेव्हा म्हणाला होता, सर, थोडा ढाळ देऊ? मी म्हटलं होतं, ढाळ म्हणजे काम चुकल्याची कबुली. लेव्हल पाहिजे. लेव्हल मिळाली. घोट्याएवढं पाणी, अगदी एकसारखं, कुठंही जात नव्हतं.

खाली येऊन जहाजापुढं बसलो. डेकवर लाटा येणार. डेक मधे उंच असेल तर पाणी दोन्ही काठांना पळेल. सपाट असेल तर तिथंच उभं राहील. जहाज बांधणाऱ्या कुणालाही हे बघताक्षणी दिसेल. पंचवीस तारखेला त्या कारखान्यात तर दिसेलच.

जाकीरला आठ तारखेलाच दिसलं.

१५ नोव्हेंबर

गरम पाण्याचं फडकं ठेवून एकेक फळी सोडवतोय. निम्म्या तुटल्या. हे सगळं काम माझ्या हातानं झालं, माझ्याच हातानं मोडतोय. गाढवपणाला जितका वेळ लागला त्याच्या चौपट लाज निस्तरायला.

अडचण वेगळीच आहे. पट्ट्यांना पाठ परत द्यायची तर किती? प्रत्येकीची वेगळी असणार, जहाज पुढं निमुळतं, मधे रुंद. मी तासलेल्या भुशाचा अन्नपूर्णेनं कधीच बंब पेटवला. माप फक्त जाकीरच्या डोक्यात. दोनदा फोन हातात घेतला. काय विचारू? की बाबा, तू 'तशाच राहू दे' म्हणालास आणि मी…

तिसऱ्यांदा घेतलाच नाही.

१६ नोव्हेंबर

माप सापडलं. याच वहीत. अठ्ठावीस ऑक्टोबर, माझ्याच अक्षरात, तोंडावर मारायला लिहिलेलं. पाव, अर्धा, पाऊण, सूतभर, सूतभर, सूतभर, पाऊण, पाऊण, अर्धा.

ते पान उघडं ठेवून कामाला बसलोय.

१८ नोव्हेंबर

नऊही पट्ट्यांवर हळदूच्या पातळ चिपा चिकटवल्या, कानशीनं घासून पाठ आणली. पाणसळ फडताळात ठेवली आहे.

दिवस कमी आहेत म्हणून अन्नपूर्णेला काळा कागद लावायला बसवलं. खळ शिजवून आणली तिनं. तिनं लावलेला कागद माझ्यापेक्षा सरळ आहे. तसं तिला बोलायला पाहिजे होतं.

२० नोव्हेंबर

"मी सांगतलं तवा काऊन नाही आयकलं?" — तिनं आज विचारलं. भांडायला नाही, खरंच जाणून घ्यायला. मी म्हटलं, कागद दे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

काल संध्याकाळी शेवटचा हात तेलाचा. आज जाकीर न्यायला आला.

पुन्हा तसंच जहाज उचललं, एक डोळा मिटला. मग चहाच्या ग्लासात बोट बुडवून एक थेंब डेकच्या मधोमध ठेवला. थेंब थरथरला आणि काठाकडं निघून गेला. त्यानं बाहीनं काठ पुसला.

मी विचारलं, आठ तारखेला दिसलं होतं ना तुला? मग बोलला का नाहीस? तुझ्या पोटावर पाय येत होता.

"बोललो होतो सर. निन्याण्णवमधी."

मला कळलं नाही. अंगणात अन्नपूर्णेनं न्हाणीतलं सामान उन्हात काढलं होतं. त्यानं चौरंगाकडं बोट केलं, बोट म्हणजे जे उरलंय ते. "तवा बी हेच सांगतलं. सर, न्हाणीचा चौरंग हाये, पाणी थांबू नये म्हणून मुद्दाम पाठ दिली. तुम्ही म्हणाले, नेक्स्ट."

हसून म्हणाला. राग असता तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर मी चौरंग उलटा केला. 'नापास' अजून आहे, पुसट. लाकूड मात्र खणखणीत, कुठं काळं नाही, मऊ नाही. मी स्वतः केलेले सपाट चौरंग या घरात तीन होऊन गेले. तिन्ही कुजले.

२६ नोव्हेंबर

जाकीरचा फोन आला. जहाज पसंत पडलं. डेकवर थेंब त्यांनीही सोडून बघितला म्हणे, आणि म्हणाले, फोरमन असाच पाहिजे. मग सुतारकामाचं सर्टिफिकेट मागितलं.