बत्तीस मिनिटांचं भाषण

१२ मार्च

ज्यांचं वाक्य घरात कधी कुणी पुरं होऊ दिलं नाही अशा तमाम धाकट्या बहिणींनो, म्हणजे भिंगरे, फक्त तू,

अनेक आशीर्वाद. खांदा कसा आहे? स्टिअरिंग धरून दुखतो असं आई सांगत होती. शेकत जा.

आपल्या दोघींची तक्रार जुनी आणि एकच आहे. बाबा बोलायला लागले की आपण माना डोलवायच्या, आणि आपण तोंड उघडलं की पुढचं त्यांना आधीच ठाऊक असायचं. "कळलं मला," म्हणायचे, आणि कळलेलं काहीही नसायचं. या जुलमाविरुद्ध मी आयुष्यभर बोलत आले. व्यासपीठावर, शिक्षकांच्या सभेत, दाताच्या दवाखान्यात तोंडात कापूस असतानासुद्धा.

हे पत्र एका मागणीसाठी आहे. पण आधी बातमी: मी पास झाले. शाळेतली समुपदेशक व्हायचं शिक्षण, ज्याला तू "ताईचं म्हातारपणचं खूळ" म्हणालीस, त्याचा सगळ्यात अवघड भाग परवा संपला. चव्वेचाळिसाव्या वर्षी. वर्गातली पोरं मला काकू म्हणतात आणि माझ्याच टिपणांच्या झेरॉक्स काढतात.

आमच्यात पद्धत अशी. एखाद्या शाळेत जाऊन खऱ्या विद्यार्थ्याला भेटायचं, घरच्यांची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करायचं, ते वर्गात सगळ्यांनी ऐकायचं आणि मग घरी शब्दन् शब्द कागदावर उतरवायचं. "हं", "अं", खोकलासुद्धा. मला सातवीतली एक मुलगी मिळाली, तीन आठवडे वर्गात अक्षरही न बोललेली. भेटायची खोली म्हणजे खेळाच्या सामानाची: नकाशांच्या गुंडाळ्या, फुसके फुटबॉल, दोन खुर्च्या.

चाळीस मिनिटांची भेट झाली आणि मी स्वतःवर बेहद्द खूश. वर्गात ते ऐकवलं, तर शेवटी मागच्या बाकावरून टाळ्या. "काकू, एक नंबर. निवडणुकीला उभ्या राहा, आमचं मत तुम्हालाच." आमच्या मॅडम एवढ्याशा आहेत, बोलल्या तर आवाज पंख्याखाली बुडतो. त्यांनी टाळ्या संपू दिल्या. मग म्हणाल्या, "भाषण उत्तम झालं. मुलगी आली होती का त्या दिवशी?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले. घरी येऊन घड्याळ लावलं: चाळीसपैकी बत्तीस मिनिटं मी. मुलीचे "हो" एकोणीस, आणि पुरं झालेलं वाक्य एकच: "बाई, घंटा झाली."

मॅडमनी दुसरी संधी दिली. तीही फसली तर अख्खं वर्ष पुन्हा.

उतरवून काढताना मात्र माझं हसू आटलं. चार ठिकाणी ती पोर "पण मला" म्हणाली होती, आणि चारही ठिकाणी मी "कळलं मला" म्हणून पुढे गेले होते. बाबांचे शब्द, बाबांचाच सूर. मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि गॅलरीतले कपडे काढून घड्या घातल्या. ते वाळलेही नव्हते.

दुसऱ्या भेटीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, कारण माझे हात हलले की तोंड आपोआप सुरू होतं. ती फुसका फुटबॉल मांडीवर घेऊन बसली. एक मिनिट. दोन. माझ्या ओठांपर्यंत तीन थोरांची वचनं आली, तिन्ही गिळली. पाचव्या मिनिटाला तिने पंप शोधला आणि हवा भरता भरता बोलायला लागली. काय, ते तुला सांगणार नाही. ते तिचं आहे. पण मी जे धरून चालले होते त्यातलं एकही खरं निघालं नाही. जाताना दारात थांबून म्हणाली, "बाई, तुमचा घसा बसलाय का आज?"

मॅडमनी माझे कागद वाचले. "शांतता, साडेचार मिनिटं" याच्याखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, "हं. आता सुरुवात झाली." मी त्या एवढ्याशा बाईला उचलूनच घेणार होते.

आता जे टाळत एवढं लिहिलं, ते.

कॉलेजचं दुसरं वर्ष सोडलंस त्या संध्याकाळी जेवताना तू "ताई, मला खरं तर" एवढंच म्हणाली होतीस. पुढचा पाऊण तास मी बोलले. शिक्षणाचं मोल, बायकांचा लढा, सगळं. चांगलं बोलले गं, तेच वाईट. तू ताट उचललंस आणि "बरं" म्हणालीस. तेव्हापासून पंधरा वर्षं आपण एकमेकींच्या तब्येती विचारतोय.

आणखी एक. तू बस चालवतेस हे मी कुणाला सांगत नाही. "ती वाहतूक खात्यात असते" म्हणते, जणू तिथे फायली लावतेस. सात वर्षांत तुझ्या गाडीत एकदाही चढले नाही. दोनदा तर तू येताना दिसलीस म्हणून मागची गाडी धरली. कारण सांगते, हसू नकोस: माझं भाषण हरलं होतं आणि तू ऐटीत वळण घेत होतीस, ते मला बघवत नव्हतं.

माफीवरही मी पाऊण तास बोलू शकते, म्हणून ते राहू दे. मागणी एकच. येत्या रविवारी पहिल्या फेरीला मला तुझ्या गाडीत घे. तुझ्या पाठीमागच्या सीटवर बसेन, पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत. चालकाशी बोलू नये असं तिथे लिहिलेलं असतं, आणि मी नियम पाळणारी बाई आहे. शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद केलंस की "खरं तर"च्या पुढचं सांग. नसेल सांगायचं तर नको सांगूस, मी परतीचं तिकीट काढेन आणि तशीच बसून राहीन.

उत्तर लांबलचक नको. गाडीचा नंबर आणि सुटायची वेळ, एवढंच लिही. आजच लिही.

गप्प बसण्यात नुकतीच पास झालेली,
तुझी ताई